जंगलं आणि जागतिक क्लायमेट पॉलिसी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान परिषदेची बातमी आली की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत संपलीत. विषयच तसा आहे, कुठे गुंता आहे आणि कुठे अजिबात नाहीये.

जंगल वाचवायचं ते ऑक्सिजनसाठीच ना?

नाही, ऑक्सिजन डोक्यातून काढून टाका. हवेत तो भरपूर आहे, आणि जुनं जंगल जेवढा बनवतं जवळपास तेवढाच स्वतः वापरून टाकतं. क्लायमेटच्या चर्चेत जंगल येतं ते कार्बनमुळे. झाडाचं वाळलेलं लाकूड घेतलं तर वजनाने साधारण निम्मं कार्बन असतं, मुळं आणि जमिनीतला कार्बन वेगळाच. जंगल तोडून जाळलं किंवा कुजू दिलं की हा साठा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. आयपीसीसी म्हणजे हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती, तिच्या सहाव्या अहवालाप्रमाणे २०१०–२०१९ या काळात माणसाने केलेल्या एकूण उत्सर्जनातलं १३ ते २१ टक्के शेती, जंगल आणि जमिनीच्या वापरातून आलं, आणि त्यातला साधारण ४५ टक्के वाटा जंगलतोडीचा होता. म्हणजे एकटी तोडसुद्धा एखाद्या मोठ्या औद्योगिक देशाच्या धुराच्या बरोबरीची आहे.

दुसरी बाजू अशी की उभी असलेली जंगलं आपण सोडलेला बराच कार्बन दरवर्षी फुकटात ओढून घेतात. तोडली तर दोन्हीकडून फटका, साठाही गेला आणि ओढणारंही गेलं.

एका झाडात किती कार्बन आहे हे मोजतात तरी कसं?

हा माझा आवडता प्रश्न. एवढ्या मोठमोठ्या करारांच्या मुळाशी शेवटी एक माणूस आणि एक टेप असते.

जंगलात ठरावीक मापाचे नमुना प्लॉट आखतात. प्लॉटमधल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला मोजतात. झाडाला फळीसारखी रुंद आधारमुळं असतील तर टेप त्याच्या वरती धरायची, नाहीतर घेर उगाच मोठा येतो आणि कागदावर नसलेला कार्बन तयार होतो. झाडावर नंबराचा बिल्ला ठोकतात, म्हणजे पाच वर्षांनी येणारा माणूस तेच झाड, त्याच जागी मोजेल. मग जात ओळखायची, कारण लाकूड जड की हलकं यावर बरंच अवलंबून असतं, उंचीचा अंदाज घ्यायचा आणि हे सगळं एका सूत्रात टाकायचं.

समजा उष्ण कटिबंधातलं एक झाड आहे, घेर १५७ सेंटिमीटर म्हणजे व्यास ५० सेंटिमीटर, उंची २५ मीटर, लाकूड मध्यम घनतेचं. जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन येतं साधारण २ टन, त्यात कार्बन १ टनाच्या आतबाहेर. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करताना ३.६७ ने गुणतात, म्हणजे झाले साडेतीन टनांच्या आसपास. मग हे प्लॉटचे आकडे सॅटेलाइटच्या नकाशांना जोडून पूर्ण देशाचा हिशोब काढला जातो. यात चूक किती राहत असेल याची कल्पना आता तुम्हीच करा, आणि ही चूक पुढे पैशात मोजली जाते हेही लक्षात ठेवा.

पण मुळात 'जंगल' कशाला म्हणायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, म्हणजे एफएओची व्याख्या अशी की अर्ध्या हेक्टरहून मोठी जागा, झाडं ५ मीटरच्या वर जाणारी, आणि १० टक्क्यांहून जास्त सावली. एवढं बसलं की जंगल. क्योटो करारात (श्रीमंत देशांना उत्सर्जन कमी करायचं टार्गेट देणारा १९९७ चा करार) तर देशांना रेंजच दिली होती, सावली १० ते ३० टक्के आणि उंची २ ते ५ मीटर यातलं काय ते तुम्ही ठरवा. आता गंमत बघा, या व्याख्येत शेकडो वर्षांचं घनदाट जंगल आणि कागदासाठी लावलेले निलगिरीचे सरळसोट पट्टे दोन्ही एकाच रकान्यात बसतात. (पाम तेलाच्या बागांना मात्र एफएओ जंगल धरत नाही.) त्यामुळे 'आमचं वनक्षेत्र वाढलं' असं एखादा देश म्हणतो तेव्हा ते खोटं नसतं, पण काय गेलं आणि त्याजागी काय आलं ते त्यातून कळत नाही.

मग क्योटो करारात जंगल वाचवायचे पैसे का नव्हते?

भांडणं झाली म्हणून. १९९२ च्या रिओ परिषदेतल्या हवामान करारातच जंगलांचं नाव आहे, कार्बनचे साठे जपा असं लिहिलंय. १९९७ ला क्योटो झाला आणि प्रश्न आला की जंगलाचा कार्बन श्रीमंत देशांच्या टार्गेटमध्ये धरायचा का. अमेरिका, जपान, कॅनडा म्हणत होते धरा, युरोप म्हणत होता की अशाने तुम्ही कारखान्यांना हात न लावता झाडं दाखवून सुटाल. २०००ची हेगची परिषद फिसकटली त्याचं एक मोठं कारण हेच होतं.

शेवटी २००१ ला माराकेशमध्ये तडजोड निघाली. गरीब देशांत नवीन झाडं लावली तर क्रेडिट (म्हणजे कमी केलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र) मिळेल, पण असलेलं जंगल तोडायचं थांबवलं तर मिळणार नाही, आणि २००३ ला ठरलं की लावलेल्या झाडांचं क्रेडिटही तात्पुरतं, मुदत संपली की बाद, कारण झाडं उद्या जळू शकतात. मुदत संपणारा माल कोण घेणार? युरोपच्या कार्बन बाजाराने तर हे क्रेडिट घेतलेच नाहीत. त्यामुळे ही योजना कागदावर राहिली म्हटलं तरी चालेल.

थोडक्यात, जंगल तोडून मग परत झाडं लावली तर कौतुक आणि मुळात तोडलंच नाही तर काहीच नाही, असा उफराटा न्याय बरीच वर्षं चालला.

रेड प्लस म्हणजे काय?

त्या उफराट्या न्यायावरचा उतारा. 'रेड' (REDD) म्हणजे जंगल तुटण्यातून आणि विरळ होण्यातून होणारं उत्सर्जन कमी करणं. २००५ ला माँट्रियलमध्ये पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या दोन देशांनी प्रस्ताव मांडला की बाबांनो, आम्ही तोड कमी केली तर त्या वाचलेल्या उत्सर्जनाचा मोबदला द्या. २००७ च्या बाली परिषदेत तो अधिकृत चर्चेत आला. (याच परिषदेत पापुआ न्यू गिनीचे प्रतिनिधी केव्हिन कॉनरॅड यांनी अमेरिकेला सुनावलं होतं की तुम्हाला पुढाकार घ्यायचा नसेल तर निदान वाटेतून बाजूला व्हा. आणि थोड्याच वेळात अमेरिका नरमली.)

आधी नुसती तोड कमी करणं एवढंच होतं, मग जंगल विरळ होणं आलं, आणि नंतर ते 'प्लस' लागलं, म्हणजे असलेलं जंगल जपणं, नीट वापरणं आणि कार्बनचा साठा वाढवणं. ज्या देशांत तोड आधीच कमी होती त्यांना या प्लसशिवाय काहीच मिळालं नसतं, भारत त्यात होता आणि भारताने त्यासाठी जोरही लावला. २०१० ला कान्कूनमध्ये अटी ठरल्या, २०१३ ला वॉर्सामध्ये नियमांचा पूर्ण सेट आला, आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या पाचव्या कलमात त्याला जागा मिळाली.

कल्पना एका वाक्याची आहे, काम आधी करा, मोजून दाखवा, मग पैसे. पण जे मोजायचंय ती आहे न झालेली तोड, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

न झालेली तोड मोजायची कशी?

बेसलाइन ठरवून. म्हणजे 'काहीच केलं नसतं तर किती जंगल गेलं असतं' हा आकडा. समजा एका देशात गेली दहा वर्षं सरासरी १ लाख हेक्टर तुटतंय आणि यावर्षी ७० हजार तुटलं, तर ३० हजार वाचले, त्याचा कार्बन काढा, पैसे द्या. इथपर्यंत सरळ आहे.

पण सरासरी कुठल्या वर्षांची? सर्वात वाईट वर्षं घेतली तर बेसलाइन फुगते आणि काही न करता 'बचत' दिसते. बरं, सोयाबीनचे भाव पडले म्हणून तोड कमी झाली असेल तर ते श्रेय सरकारचं का? आणि इथे थांबवलेली तोड डोंगरापलीकडे गेली असेल तर? (याला या क्षेत्रात 'गळती' म्हणतात.) बेसलाइन हा असा आकडा आहे की जो कधीच खरा होऊन समोर येत नाही, त्यामुळे तो खोटा आहे हेही कुणाला शंभर टक्के सिद्ध करता येत नाही. माझं स्पष्ट मत, कुठल्याही जंगल प्रोजेक्टचे फोटो आणि व्हिडिओ बाजूला ठेवा आणि फक्त बेसलाइनचं पान वाचा.

प्रत्यक्षात पैसे दिले कुणी?

सगळ्यात जास्त नाव घ्यावं लागतं नॉर्वेचं. २००८ ला ब्राझीलने अॅमेझॉन फंड काढला, त्यात नॉर्वेने १ अब्ज डॉलरचा शब्द दिला आणि पाळलाही. २००९ ला गयानाशी २५ कोटी डॉलरचा करार, २०१० ला इंडोनेशियाशी १ अब्ज डॉलरचा. इंडोनेशियाचा करार मात्र कुंथत चालला, तोड कमी करून दाखवल्याचे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून २०२१ ला इंडोनेशियाने तो मोडला आणि पुढच्या वर्षी नव्याने जुळवला. २०२१ ला गॅबनला पहिला हप्ता मिळाला, १.७ कोटी डॉलर, अशा निकालावर पैसे मिळालेला आफ्रिकेतला तो पहिला देश. हवामान कराराखालच्या ग्रीन क्लायमेट फंडानेही ५० कोटी डॉलर वेगळे काढले होते.

आणि हो, नॉर्वे हे पैसे देतो कुठून, तर तेल आणि गॅसवर उभ्या असलेल्या श्रीमंतीतून. विरोधाभास आहेच, पण निदान तो देतो तरी.

मग पैशाने तोड थांबते का?

ब्राझीलचं उदाहरण घ्या. अॅमेझॉनमध्ये २००४ ला एका वर्षात सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटलं होतं. २०१२ ला हा आकडा साधारण ४,६०० वर आला, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त घट. जगात हवामानासाठी झालेल्या सर्वात मोठ्या कामांपैकी हे एक असेल. पण तारखा बघा, घट २००४ नंतर लगेच सुरू झाली आणि फंड आला २००८ ला. म्हणजे पैसा आला तेव्हा काम बरंच पुढे गेलेलं होतं.

काम केलं कशाने? २००४ पासून डेटेर नावाची सॅटेलाइट सिस्टिम सुरू झाली, ताज्या तोडीचे इशारे यायला लागले आणि वनअधिकारी त्या इशाऱ्यावर जागेवर पोचायला लागले. संरक्षित क्षेत्रं आणि आदिवासी जमिनी मोठ्या प्रमाणावर घोषित झाल्या. २००६ ला सोयाबीन व्यापाऱ्यांनी ठरवलं की नव्या तोडीच्या जमिनीवरचा माल घ्यायचा नाही. २००८ ला तर बँकांनाच सांगितलं की कागदपत्रं नीट नसतील तर शेतीकर्ज देऊ नका, आणि जास्त तोड असलेल्या तालुक्यांची यादी काढून नाकेबंदी केली. कर्ज बंद झालं की करवत आपोआप थांबते.

मग सरकार बदललं, २०१९ ला अॅमेझॉन फंड ठप्प झाला, २०२१ पर्यंत तोड परत १३,००० चौरस किलोमीटरवर. पुन्हा सरकार बदललं, जानेवारी २०२३ ला फंड उघडला आणि २०२४ ला आकडा ६,३०० च्या खाली आला. जंगल, सॅटेलाइट, कायदे सगळं जवळजवळ तेच होतं, फरक होता तो वर बसलेल्यांच्या इच्छेचा. बाहेरचा पैसा इच्छा असलेल्या सरकारला बळ देतो, इच्छा विकत घेऊ शकत नाही.

ज्यांनी कधी जंगल तोडलंच नाही त्या देशांचं काय?

त्यांची कायमची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. गयाना, सुरिनाम, गॅबन इथे अजूनही बहुतेक भूभाग जंगलाखाली आहे. यांची मागची सरासरी लावली तर बेसलाइन जवळजवळ शून्य, मग कमी काय करून दाखवणार? म्हणजे नासधूस करणाऱ्याला सुधारल्याचं बक्षीस आणि आधीपासून नीट वागणाऱ्याला टाळ्या. गयानाच्या करारात म्हणूनच बेसलाइन मुद्दाम खऱ्या तोडीपेक्षा वर धरली होती. माझ्या मते न्याय म्हणून हे बरोबर आहे, हिशोब म्हणून नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात कोंबायच्या नादात ही सगळी सिस्टिम लोकांना संशयास्पद वाटायला लागते.

कार्बन क्रेडिट म्हणजे सगळा घोटाळाच आहे असं ऐकलं...

सगळा नाही. पण ऐच्छिक बाजारात, म्हणजे कंपन्या आपल्या मर्जीने क्रेडिट घेऊन 'आम्ही कार्बन न्यूट्रल' म्हणतात तिथे, बरंच पाणी घातलेलं दूध विकलं गेलं. २०२३ ला पत्रकारांचा मोठा तपास आणि एका नामांकित विज्ञान नियतकालिकातला अभ्यास जवळपास एकच गोष्ट सांगत होते, की तपासलेल्या जंगल प्रोजेक्टपैकी बहुतेकांनी दाखवलेल्या बचतीपेक्षा खरी बचत खूपच कमी होती. क्रेडिटला सर्टिफिकेट देणाऱ्यांनी या अभ्यासांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, मग नियमही बदलले. मूळ दुखणं तेच, फुगवलेली बेसलाइन. त्यात प्रोजेक्टवाला, तपासणारा आणि विकणारा तिघांनाही आकडा मोठा आलेला आवडतो, मग कमी कोण करणार?

म्हणूनच आता एकेका प्रोजेक्टऐवजी पूर्ण देशाचा हिशोब धरायचा कल आहे. गयानाने २०२२ च्या शेवटी असे देशपातळीवरचे क्रेडिट एका तेल कंपनीला विकले, करार ७५ कोटी डॉलरचा, २०३२ पर्यंत. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाचे, म्हणजे देशादेशांत कपातीची खरेदी-विक्री करायचे नियमही २०२४ च्या बाकू परिषदेत पूर्ण झाले, त्यात एकच कपात दोन देशांनी मोजायची नाही अशी सोय आहे. कोळशाच्या धुराबदल्यात झाड, हा सौदा मात्र मला अजून पटत नाही, कारण कोळसा जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गप्प पडून होता आणि झाडाचा भरवसा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

म्हणजे झाडं जळाली तर क्रेडिटचं काय होतं?

त्यासाठी राखीव साठा असतो. प्रत्येक प्रोजेक्टच्या क्रेडिटमधला काही भाग विक्रीला न काढता बाजूला ठेवतात, कुठे आग लागली की तिथून भरपाई. विम्यासारखंच. फक्त आगी वाढत चालल्यात. २०२१ ला अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या बूटलेग आगीत क्रेडिट विकलेलं जंगलच जळालं. २०२४ ला उष्ण कटिबंधातलं ६७ लाख हेक्टर मूळ जंगल गेलं आणि त्यातल्या जवळपास निम्म्याला आग हे कारण होतं.

लाकूड जाळून वीज केली तर ते उत्सर्जन शून्य कसं काय धरतात?

शून्य धरत नाहीत, दुसऱ्या खात्यात लिहितात. नियम असा की झाड तोडलं तिथेच, त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात कार्बन गेला असं मांडायचं, म्हणून वीजकेंद्राच्या चिमणीला परत मोजायचं नाही. तर्क बरोबर आहे. पण तोडणारा देश एक, जाळणारा दुसरा, आणि तोडणाऱ्याच्या खात्यात ते एवढ्या मोठ्या जंगलात विरघळून जातं, त्यामुळे जाळणारा 'हिरवी वीज' म्हणून मिरवतो.

त्यापेक्षा भरपूर झाडं लावली तर?

लावा, पण आधी तोडणं थांबवा. नवीन झाडाला जुन्याइतका कार्बन साठवायला कित्येक दशकं लागतात. आणि गवताळ माळावर झाडं लावलीत तर तिथलं आधीचं जग संपतं ते वेगळंच.

जंगलात राहणाऱ्या लोकांना यात काय मिळतं?

कान्कूनच्या अटींमध्ये आदिवासी आणि स्थानिक लोकांचे हक्क, त्यांचा पूर्ण सहभाग हे लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात कार्बन कुणाच्या मालकीचा हाच प्रश्न बऱ्याच देशांत सुटलेला नाही, कारण जमिनीचेच कागद नाहीत. काही ठिकाणी तर लोकांना वाचता येणार नाही अशा भाषेतल्या करारावर सह्या घेतल्या गेल्या.

आणि हे फक्त न्यायाचं बोलत नाहीये मी. ब्राझीलमध्ये सॅटेलाइटच्या नकाशावर आदिवासी जमिनींच्या सीमा वेगळ्या आखाव्या लागत नाहीत, आजूबाजूला तपकिरी आणि मध्येच हिरवा चौकोन, ती त्यांची जमीन. २०२१ ला ग्लासगोमध्ये या लोकांसाठी १.७ अब्ज डॉलर जाहीर झाले, पण सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या संघटनांपर्यंत थेट पोचलेला भाग अगदी चिमूटभर होता, बाकी मधल्या संस्था.

भारत यात कुठे आहे?

पॅरिस करारात भारताने २०३० पर्यंत जंगल आणि झाडांमधून २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा तयार करायचं वचन दिलंय. २०३० पर्यंत तोड थांबवायच्या ग्लासगोच्या जंगल जाहीरनाम्यावर मात्र भारताने सही केली नाही, त्यात जंगलाला व्यापाराशी जोडलंय हा आक्षेप होता.

व्यापाराशी जोडणं म्हणजे तो युरोपचा कायदा का?

ग्लासगोचा जाहीरनामा वेगळा, पण रोख तोच. युरोपियन युनियनने २०२३ ला कायदा केला की गुरं, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोया आणि लाकूड, आणि यांच्यापासून बनलेला माल ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचा असेल तर आत येणार नाही. कुठल्या शेतातला माल त्याचं अक्षांश-रेखांशासकट लोकेशन द्यायचं. ब्राझील, इंडोनेशिया, मलेशिया चिडले, छोट्या शेतकऱ्याने हे कुठून आणायचं हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेलीय. तरीही मला यात दम वाटतो, कारण जंगल तुटतं ते मुळात शेती आणि कुरणासाठी, आणि गिऱ्हाईकच नाही म्हणालं तर मोठा फरक पडतो.

ब्राझीलचा नवीन फंड काय आहे?

ट्रॉपिकल फॉरेस्ट्स फॉरएव्हर फॅसिलिटी. नोव्हेंबर २०२५ ला बेलेमच्या परिषदेच्या वेळी सुरू झाला. यात बेसलाइनची कटकट बरीच टाळलीय. उभ्या जंगलाला हेक्टरी साधारण ४ डॉलर वर्षाला, आणि तोड झाली तर प्रत्येक तुटलेल्या हेक्टरमागे जबर कपात. सॅटेलाइटवर बघायचं, उभं आहे की नाही, एवढाच सवाल. पैसा देणगीतून नाही तर गुंतवणुकीतून, म्हणजे स्वस्तात उचलायचा, जास्त व्याजाच्या रोख्यांत लावायचा आणि मधला फरक जंगलवाल्या देशांना. किमान २० टक्के आदिवासी आणि स्थानिक लोकांना. टार्गेट १२५ अब्ज डॉलर आहे, बेलेममध्ये शब्द मिळाले साडेसहा अब्जांहून थोडे जास्त, त्यात सर्वात मोठा परत नॉर्वेच, ३ अब्ज, तोही अटींसकट. बाजार पडला तर काय, हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण फरक उरला नाही तर हप्ताही नाही.

२०३० पर्यंत तोड थांबणार म्हणतात, ते कितपत खरं?

२०१४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात २०२० पर्यंत तोड निम्मी करायची ठरलं होतं, झाली नाही. २०२१ ला ग्लासगोत १४० हून जास्त देशांनी २०३० चं टार्गेट धरलं. २०२३ ला दुबईत तेच सगळ्यांच्या अधिकृत निर्णयात आलं. २०२५ ला परिषद थेट अॅमेझॉनच्या दारात, बेलेममध्ये भरली, तिथे या टार्गेटपर्यंत जायचा रोडमॅप अंतिम मसुद्यात यावा म्हणून बऱ्याच देशांनी जोर लावला. तो आला नाही. मग यजमान ब्राझीलने सांगितलं की आम्ही तो करारांच्या बाहेर, आमच्या जबाबदारीवर तयार करू.